दरीला शेपूट

पिंट्याचा पाय पहिल्यांदा अडकला तो दसऱ्याच्या दिवशी, आणि तोही पूजा झाल्यावर. मी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती, कपाळाला कुंकू लावलं होतं, आणि त्याने त्यातली दोन फुलं माझ्या देखत खाऊनही टाकली होती. माझ्या नवऱ्याने, हनुमंताने, घोड्याचा लगाम धरून "चल रं राजा" म्हटलं. पिंट्याने पुढचे पाय टाकले, पण मागचा डावा पाय तिथेच राहिला. ताठ, लांब, वाकायचं नाव नाही. खुराचा पुढचा भाग जमिनीवर घासत त्याने तो तसाच ओढला आणि मग मान वळवून मागे बघितलं, कुणी धरलाय का म्हणून. मागे कुणीच नव्हतं. थोड्या वेळाने पाय खट्कन सुटला आणि तो नेहमीसारखा चालायला लागला.

"मुंग्या आल्या आसतील," हनुमंत म्हणाला. मीही मान डोलवली. सणाच्या दिवशी कोण वाईट बोलणार?

आम्ही मळवलीला एका बंगल्याची राखण करतो. मालक वर्षातून दोनदा येतात आणि लॉन का पिवळं पडलं म्हणून आम्हाला बोलून जातात. कंपाउंडच्या कोपऱ्यात आमची खोली आणि तिला लागून पिंट्याची पत्र्याची शेड. आठवडाभर हनुमंत बंगल्याची बाग बघतो आणि शनिवार-रविवार पिंट्याला घेऊन लोणावळ्याच्या पलीकडे पॉइंटवर जातो. कोणत्या पॉइंटवर ते सांगत नाही. आधीच गर्दीने तिथे पाय ठेवायला जागा नाही, त्यात मी कशाला भर घालू?

पॉइंटवर घोड्याची फेरी आता कुणाला नको असते. लोकांना फोटो हवा असतो. पोरगं घोड्यावर, आणि घोड्याच्या मागे सगळी दरी. म्हणून तिथे घोडा कड्याच्या बाजूला शेपूट करून उभा करतात. आमचे लोक त्याला 'दरीला शेपूट' म्हणतात. मोबाइलवाला समोरून ओरडत असतो, थोडा पीछे, भैया, थोडा और पीछे. त्याच्या बापाचं काय जातं?

त्यामुळे पॉइंटच्या घोड्याला पहिला धडा एकच देतात, काही झालं तरी मागे सरायचं नाही. शिंगरू असतानाच त्याला करवंदीच्या काटेरी फांद्यांपुढे बांधतात. मागे सरकलं की काटा टोचतो आणि मालक म्हणतो, "अंहं!" पुढे काटे काढले तरी तो शब्द राहतो. पिंट्याला हनुमंताने स्वतः असं तयार केलं होतं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. एखादा दांडगा पर्यटक दिसला की हा त्याला बोलावून पिंट्याच्या छातीवर त्याचा हात ठेवायचा. "ढकलो साब, जितना जोर है उतना ढकलो." साहेब लाल व्हायचा, पिंट्या ढिम्म. मग सगळे टाळ्या वाजवायचे. मला तो खेळ कधीच आवडला नाही, पण हनुमंताला दुसरी हौस ती कोणती?

हौस म्हणते मी, पण खाली भीती होती. हनुमंताच्या वडिलांचा, आबांचा घोडा त्याच कड्यावरून गेला होता. पाठीवर कुणी नव्हतं, नशीब. हनुमंत तेव्हा दहा-बारा वर्षांचा, समोरच उभा होता. घोडा दोन पावलं मागे सरला आणि दिसेनासा झाला. आबा त्यानंतर कधी पॉइंटवर गेले नाहीत. हनुमंत गेला, पण आजतागायत तो घोड्याच्या पुढेच उभा राहतो, दरीच्या बाजूला जात नाही.

या पावसाळ्यात सगळे पॉइंट बंद होते. गर्दी नको म्हणून बंदी आली आणि पिंट्या दोन महिने शेडमध्ये बांधून राहिला. हनुमंताला त्याची दया आली. भिजवलेले हरभरे काय, गूळ-पोळी काय! पिंट्याचं पोट जावयासारखं सुटलं आणि मांड्या उतरल्या. आम्हाला ते दिसलंच नाही. आम्ही म्हणत होतो, गडी कसा तुकतुकीत झालाय.

दसऱ्यानंतर पाय रोज अडकायला लागला. हनुमंताने त्याला चालवणं बंदच केलं. "दुखतंय त्याला, इस्रांती दे." मागच्या पायाचा जो सांधा बाहेर टोकदार दिसतो त्याला तो रोज तेल चोळायचा, विटा तापवून शेकायचा. पाय जास्तच अडकायला लागला. सकाळी शेडमधून बाहेर काढताना पिंट्या ताठ पाय फरफटत यायचा, खूर पुढून झिजून सपाट झाला होता. मला ते बघवत नव्हतं. मी भाकरी थापायला बसले तरी कानात तो घासल्याचा आवाज असायचा.

घोडेवाल्यांत सगळ्यात वडीलधारे गोविंदाभाऊ. ते एके दिवशी येऊन बघून गेले. उकिडवे बसून त्यांनी पिंट्याला दोनदा चालवायला लावलं आणि मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"हनुमंता, ह्याला आता पॉइंटवर आणू नगं. एखादं पोरगं बसल्यालं आसताना पाय आडाकला तर समद्यांचं घोडं बंद व्हतील."

"मंग काय करू, भाऊ?"

"दिवाळी झाली का त्यो टेम्पोवाला व्यापारी येतोय. त्याला दे."

टेम्पोवाला लंगडे घोडे नेतो. कुठे नेतो ते कुणी विचारत नाही. न विचारण्यासाठीच तर त्याला बोलावतात. हनुमंत बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"दिवाळीपतूर बघतो," तो म्हणाला.

म्हणजे माझ्याकडे दिवाळीपर्यंत वेळ होता. पिंट्यावर माझी माया आहे, त्यात लाजायचं काय? आमची छकुली त्याच्या पाठीवर वाढली. ती वडगावला होस्टेलवर गेली तेव्हा या कंपाउंडमध्ये माझ्याशी बोलायला हाच उरला. हनुमंत कामाला जातो, मालकांचा बंगला कुलपात, आणि मी भांडी घासता घासता पिंट्याला गावच्या बातम्या सांगते. तो कान हलवतो. नवरा तेवढंही करत नाही. त्या जनावराला मी टेम्पोत चढवू देणार नव्हते.

तेवढ्यात लाळ-खुरकताच्या लसीकरणाला वडगावहून जनावरांच्या डॉक्टर आल्या. ज्योत्स्नामॅडम, तरुण पोरगी, गमबूट घालून चिखलातून फिरत होती. गाई-म्हशींची रांग संपल्यावर मी त्यांना हाताला धरून बंगल्यावर आणलं. हनुमंत बाग सोडून आला.

मॅडमनी पिंट्याला चालवलं, पाय अडकलेला बघितला आणि आधी विचारलं, "तेल कुठे चोळता?"

हनुमंताने टोकदार सांधा दाखवला. "ह्यो, गुडघा."

"दादा, तो घोटा आहे त्याचा. गुडघा इथे वर असतो." त्यांनी पिंट्याच्या पोटाजवळ, मांडीच्या पुढच्या बाजूला हात ठेवला. "आपल्यासारखीच इथे गुडघ्याची वाटी असते. घोडा उभ्याने झोपतो तेव्हा ती वाटी हाडावर अडकवून ठेवतो, म्हणजे पाय वाकत नाही. याची वाटी अडकते पण सुटत नाही. मांडीत जोर राहिला नाही ना. बांधून ठेवलंत आणि खायला घातलंत, बरोबर?"

 इतके दिवस आम्ही घोट्याला तेल चोळत होतो. मला हसू आलं आणि रडूही.

"बांधू नका. रोज चालवा, चढावर चालवा. खाणं कमी करा. एक ऑपरेशन असतं, पण ते शेवटी. आणि पाय अडकला की ओढू नका, त्याला एक पाऊल मागे घ्या. मागे सरला की वाटी आपोआप सुटते. रोज थोडं मागे चालवलंत तर मांडीलाही जोर येईल."

"मागं?" हनुमंत म्हणाला.

"हो. छातीवर हात ठेवायचा आणि हलकं ढकलायचं."

"मॅडम, ह्यो मागं येत न्हाई."

त्यांना वाटलं हा मस्करी करतोय. त्यांनी स्वतः ढकलून बघितलं. पिंट्याने कान पाडले, चारही पाय रोवले, अंग थरथरलं पण खूर हलला नाही. त्याला अजून त्या करवंदी आठवत होत्या. मॅडम घामाघूम झाल्या.

"मग दुसरा मार्ग," त्या म्हणाल्या आणि माझा हात धरून पिंट्याच्या वाटीवर ठेवला. "एकाने तोंडाकडून पुढे घ्यायचं, दुसऱ्याने ही वाटी आत आणि खाली दाबायची. पण हे रोज नाही जमणार. त्याला मागे यायला शिकवा."

त्या गेल्यावर हनुमंत माझ्याकडे वळला. मी त्याला इतक्या वर्षांत असा पांढरा पडलेला बघितला नव्हता.

"चालीव पायजे तितकं. पन मागं शिकवायचं न्हाई. मागं याया शिकला का त्यो पॉइंटचा ऱ्हायला न्हाई. आबांचा घोडा कसा गेला ते मी बघितलंय, तू न्हाई."

"आन् पाय बरा झाला न्हाई तर?"

"तर टेम्पो."

"म्हंजी कुनीकडनं बी मेलाच की त्यो!"

"ओरडू नगंस."

मी ओरडणार नाही तर कोण ओरडणार? शिकवला तर पॉइंट बंद आणि बिनकमाईचा घोडा पोसणार कोण, न शिकवला तर टेम्पो. त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी हनुमंत बागेत पाइप लावायला गेला, तशी मी पिंट्याला सोडलं आणि भाजे गावाच्या चढाला लागले.

रोज चढ. एक्स्प्रेस-वेच्या पुलावरून पलीकडे, मग लोहगडाच्या वाटेला. गवत पिवळं पडत होतं. पिंट्या धापा टाकायचा, मीही टाकायचे. आणि परतताना, बंगल्याची भिंत आणि ओढ्याचा बांध यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे, तिथे मी त्याला उभा करायचे. छातीवर हात, पदरात गुळाचा खडा. "मागं, पिंट्या. मागं, माझ्या राजा."

पहिले काही दिवस तो नुसता थरथरायचा. मी वाकून त्याच्या मागची जमीन हाताने झाडून दाखवायचे. बघ, काटे नाहीत. कुणी बघितलं असतं तर मला येड्यात काढलं असतं. मग एकदा पाय अडकला आणि तो कळवळून उभा राहिला, तेव्हा मी माझं सगळं वजन त्याच्या छातीवर टाकलं. तो अर्धं पाऊल मागे सरला. खट्. वाटी सुटली. पिंट्याने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याला गूळ भरवला आणि त्याच्या मानेत तोंड घालून रडले.

मग तो शिकला. भराभर शिकला, मेला. दिवाळी जवळ आली तोवर छातीला नुसतं बोट लावलं तरी मागे सरायचा आणि माझा पदर हुंगायचा. पाय अडकला की न सांगता स्वतःच एक पाऊल मागे घ्यायचा. मांडी भरायला लागली, पोट उतरायला लागलं. अडकणं पुरतं थांबलं नव्हतं, पण दोन-दोन दिवस पाय व्यवस्थित चालायचा. हनुमंत खूश. "बघ, मागं न शिकवता बरा झाला का न्हाई?"

मी काय बोलणार? सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी फोन करून टेम्पो बोलावणार. मी ठरवलं होतं, टेम्पोवाला येऊन रिकामा परत गेला की सांगायचं. तोवर हनुमंत पॉइंटवर जाणार नव्हता. "तुळशीचं लगीन झाल्याबिगार न्हाई जात," असं त्यानेच कबूल केलं होतं.

भाऊबीजेला मी परंदवडीला माहेरी गेले, सवयीने पिंट्याचा गूळ पदराला बांधूनच. छकुली आदल्या दिवशीच मामाकडे गेली होती. मी भाऊ सुहासला ओवाळलं, त्याने ताटात साडी ठेवली, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. हनुमंताने फोटो पाठवला होता. पिंट्या पॉइंटवर. गळ्यात माळ, पाठीवर लाल गादी, मागे निळीशार दरी. खाली लिहिलं होतं, 'गर्दी लय हाय. गोविंदाभाऊंनी चालीवून बघितला, व्हय म्हनले. आपला गडी हुबा ऱ्हायला बघ.'

माझ्या हातातलं ताट खाली पडलं. निरांजन विझलं, वहिनी ओरडली. मला काही ऐकू येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, हनुमंत कुणाचा तरी हात धरून पिंट्याच्या छातीवर ठेवतोय. ढकलो साब, जितना जोर है उतना.

फोन लावला. लागेना. पॉइंटवर एका टपरीपाशी तेवढी रेंज असते. पुन्हा लावला. पुन्हा. "सुहास, गाडी काढ," मी म्हणाले. त्याने एक शब्द विचारला नाही. भावाचं हे एक बरं असतं.

जुन्या हायवेवर सगळं मुंबई-पुणं उतरलं होतं. कामशेतच्या पुढे गाड्यांना गाड्या लागलेल्या. सुहास मोटरसायकल कडेकडेने, मातीतून, गटारातून काढत होता, आणि मी मागे बसून देवाला, आबांना, पिंट्याला, ज्याचं नाव तोंडात येईल त्याला हाका मारत होते. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढे तर पायी चालणारे आमच्या पुढे जात होते. पॉइंटच्या चढाला रस्ता पूर्ण तुंबला. मी उतरले आणि पळत सुटले. अंगावरची साडी दोन्ही हातांनी वर धरून, गाड्यांच्या मधून, कणसांच्या शेगड्यांच्या मधून. हॉर्न वाजत होते, काचांतून लोक बघत होते. बघा म्हटलं, खुशाल बघा.

कठडा संपतो त्याच्या पुढे, उघड्या कातळावर पिंट्या उभा होता. दरीला शेपूट. पाठीवर गुलाबी फ्रॉक घातलेली एक चिमुरडी. तिचा बाप समोर मोबाइल धरून उभा, आणि हनुमंत लगाम धरून हसत होता.

"भैया, थोडा पीछे लो ना."

"साब, ये पीछे आताच नही. ढकलके देखो."

"नका!" माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही. "हात लावू नका त्याला!"

मी धडकलेच. त्या पोरीला काखेत धरून खाली ओढली आणि तिच्या बापाच्या अंगावर टाकली. ती भोकाड पसरून रडायला लागली, बाप शिव्या द्यायला लागला. घोडेवाले जमले. गोविंदाभाऊ पुढे आले.

"काय झालं गं, उज्ज्वला?"

"भाऊ, ह्यो मागं येतो," मी म्हणाले. "मी शिकवलंय त्याला. डॉक्टरीनबाईनं सांगितल्यालं. ह्यो आता मागं येतो."

सगळे हनुमंताकडे बघायला लागले. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा पडला. चार लोकांत त्याची एवढी शोभा कुणी केली नव्हती.

"डोस्कं फिरलंय हिचं," तो म्हणाला. "माझा घोडा मागं येत न्हाई. मी शिकवलाय त्यो. हे बघा."

आणि मी "अवो, नगा" म्हणेपर्यंत त्याने स्वतःचा पंजा पिंट्याच्या छातीवर ठेवला आणि ढकललं.

पिंट्याने माझ्या पदराकडे बघितलं. आणि शहाण्यासारखा, मी शिकवलं होतं तसा, मागे सरला. एक पाऊल. मग आणखी एक. मागच्या खुराखालचा खडा निसटला आणि दरीत गेला, त्याचा खाली पडल्याचा आवाजही आला नाही.

हनुमंताचा हात तसाच हवेत राहिला. तोंड उघडं. तो आता इथे नव्हताच, दहा-बारा वर्षांचा होऊन समोर उभा होता. मी लगाम त्याच्या हातातून हिसकावला. "ये, पिंट्या. पुढं. ये, राजा." पिंट्याने पुढचा पाय उचलला, अंग पुढे झुकवलं, आणि डावा पाय मागेच राहिला. ताठ. खुराचं टोक कड्याच्या काठावर.

अडकला.

आणि मग मी जे बघितलं ते आयुष्यात विसरणार नाही. पिंट्याने स्वतःच वजन मागे टाकायला सुरुवात केली. पाय अडकला की मागे सरायचं, वाटी सुटते, गूळ मिळतो. मीच शिकवलं होतं. त्याच्या मागे आता टीचभर कातळ होता आणि त्याच्या पलीकडे नुसतं आभाळ.

"अंहं!"

तो शब्द मी जन्मात कधी उच्चारला नव्हता. तो हनुमंताचा शब्द होता, काट्यांचा. पिंट्या दचकला आणि थांबला. थरथर कापत, पाय ताणलेला, डोळे पांढरे. त्याला माझ्या तोंडून तो शब्द कळेना. मागे ये म्हणणारी हीच आणि नको म्हणणारीही हीच.

"तुमी मागं जा," मी हनुमंताला म्हणाले.

तो हलेना.

"अवो, मी त्वांड सोडलं तर त्यो जाईल! तुमी मागं जा. वाटी दाबायची हाय. आत आन् खाली. जा!"

गोविंदाभाऊ पुढे सरकले, पण हनुमंताने त्यांना हाताने अडवलं. मग तो खाली बसला. कातळावर बसून, सरपटत, पिंट्याच्या पोटाला धरून दरीच्या बाजूला गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याची एक चप्पल सुटून खाली गेली. त्याने डोळे मिटून घेतले आणि हात लावला.

"त्यो न्हाई!" मी ओरडले. "त्यो घोटा हाय! वर! पोटापाशी!"

त्याचा हात चाचपडत वर आला. "हितं?"

"व्हय. आता दाबा. पिंट्या, ये. ये, माझ्या बाळा."

मी ओढलं. हनुमंताने दाबलं. काही झालं नाही. पुन्हा. पिंट्याच्या नाकातून फेस आला. हनुमंत रडत होता, मला ऐकू येत होतं, मोठ्याने, लहान पोरासारखा. तिसऱ्या वेळी खट् झालं. पाय वाकला, पिंट्याने अशी उसळी घेतली की मी त्याच्याखाली येता येता वाचले. हनुमंत त्याच्या शेपटीला लटकून आपसूक पुढे फरफटत आला. कठड्याच्या आत आल्यावर आम्ही तिघेही धुळीत बसलो. म्हणजे पिंट्या उभा होता, पण तोही बसल्यातच जमा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी मोबाइल वर होते. मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

गोविंदाभाऊ जवळ आले. "हनुमंता, घरी ने त्याला. आन् परत आणू नगंस."

"न्हाई आणत, भाऊ," हनुमंत म्हणाला.

सुहासला मी परंदवडीला परत पाठवलं. आम्ही चालत निघालो, गाड्यांच्या रांगांच्या कडेने. हनुमंत एका पायात चप्पल घालून, नंतर तीही काढून. तो माझ्यापुढे दोन हात चालत होता, मागे न बघता. मला वाटलं आता हा मला घराबाहेर काढणार. काढू दे. मी पिंट्याला घेऊन परंदवडीला जाईन, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

लोणावळा मागे पडल्यावर एका झाडाखाली आम्ही थांबलो. हनुमंताने नळावरून बादलीभर पाणी आणलं, पिंट्याला पाजलं.

"आबांच्या हातात दोर व्हता," तो अचानक म्हणाला. "घोडा गेला तवा. त्यांनी सोडला. सोडला म्हनून ते वाचले. पन मरंपतूर त्यांनी त्यो हात कदी सरळ केला न्हाई, मुठीतच ठिवायचे."

मला हे माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"टेम्पोवाल्याला काय सांगायचं?" मी विचारलं.

त्याने लगाम उचलला, "चल" म्हणाला. पिंट्याने पुढचे पाय टाकले आणि मागचा डावा पाय मागेच राहिला. उभा राहिल्यावर अडकतोच तो. पिंट्याने स्वतःहून मागे जायला नको का? पण तो गेला नाही. तिथेच उभा राहून कान पाडून थरथरत राहिला. माझ्या त्या एका शब्दाने त्याला सगळं विसरायला लावलं होतं.

मी पुढे होणार, तेवढ्यात हनुमंताने मला थांबवलं. तो पिंट्यासमोर उभा राहिला. त्याने वाकून पिंट्याच्या मागची जमीन बघितली, नीट, वाकून. मग हात वर केला. हात त्याच्या छातीपर्यंत जाईना. मी त्याचं मनगट धरलं आणि पंजा पिंट्याच्या छातीवर ठेवला.

"मागं," हनुमंत म्हणाला.  "मागं, राजा. काय न्हाई तितं. मी बघितलंय. काय बी न्हाई."

पिंट्याने खूप वेळ त्याच्याकडे बघितलं. मग एक पाऊल मागे घेतलं आणि वाटी सुटली.

"आन् आता?" हनुमंताने मला विचारलं.

"आता गूळ द्यायचा," मी म्हणाले आणि पदराची गाठ सोडली.